मिठाच्या जागी गोळी

पत्र शुक्रवारी आलं आणि त्यात माझं नाव अगदी बरोबर लिहिलं होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सरकारी पत्रात नाव बरोबर असलं की मजकूर हमखास वाईट असतो.

'श्रीमती हेमांगी विश्वजित डुबल, उड्डाण नियंत्रक, कराड केंद्र. आपल्या अवधानपट्टीच्या नोंदींनुसार गेले पाच महिने दर एकोणतीस ते तीस दिवसांनी आपली औषधाची मात्रा चुकत आहे. संप्रेरकांच्या मासिक चक्रामुळे आपली नियमितता ढासळते, असे निदान प्रणालीने केले आहे. या स्थितीस मासिक अवधानदोलन असे म्हणतात. आपणांस उड्डाणाच्या टेबलावरून कायमचे हलवून अभिलेख कक्षात नेमावे, अशी शिफारस आहे. आपली सुनावणी पुढील महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी होईल.'

अभिलेख कक्ष म्हणजे आमच्या इमारतीचं तळघर. तिथे जुन्या उड्डाणांच्या नोंदी एकीखाली एक तपासत बसायचं. मला तिथे दोन तास बसवलं तर तिसऱ्या तासाला मी फरशा मोजत असेन, आणि त्याही चुकीच्या.

माझं खरं काम सांगते. आमच्या औषधवाहिनीच्या केंद्रातून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर ड्रोनने औषधं जातात. साप चावल्यावर द्यायचं प्रतिविष, बाळंतिणीसाठी रक्ताच्या पिशव्या, असं सगळं. त्या ड्रोनला आम्ही पाखरू म्हणतो. एका नियंत्रकाकडे एका वेळी चार पाखरं. कड्याशी वारा फिरतो, ढग उतरतात, घारी अंगावर येतात. पहिल्यावर नजर असताना तिसऱ्याचा आवाज बदललेला कळावा लागतो. ज्या डोक्यापायी मी शाळेत निम्मा वेळ वर्गाबाहेर उभी असायचे, तेच डोकं इथे कामाला येतं. आमच्यासारखी माणसं या कामात पुष्कळ आहेत. राज्यातल्या सात केंद्रांत मिळून साडेतीनशे नियंत्रक, त्यातले नव्वद एडीएचडीच्या औषधावर.

एडीएचडी म्हणजे लक्षच नसणं, असं लोकांना वाटतं. लक्ष भरपूर असतं. ते कुठे द्यायचं आणि कुठून काढून घ्यायचं, हे ठरवणारा मेंदूचा पुढचा भाग ऐन वेळी ढिला पडतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप धाडतात आणि आमच्याकडे निरोप नीट पोचायच्या आतच ते रसायन परत शोषलं जातं. गोळी हे शोषणं मंद करते. सकाळी घेतली की तासाभरात चढते, दहा-अकरा तास पुरते आणि संध्याकाळी उतरते. चुकली तर काय करायचं, हे माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. सकाळी अकराच्या आत आठवलं तर घ्यायची. त्यानंतर आठवलं तर तो दिवस सोडून द्यायचा. आणि भरपाई म्हणून दोन कधीही घ्यायच्या नाहीत. हा नियम मी एकदाच मोडला. दुपारी दीडला घेतली, पहाटेपर्यंत टक्क जागी राहिले आणि दुसरा दिवस गोळी घेऊनही वाया गेला.

आता अवधानपट्टी. दोन हजार बेचाळीसच्या कायद्यानं जोखमीच्या कामावरच्या आम्हा सगळ्यांच्या मनगटावर ती आली. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. त्या दर चार मिनिटांनी त्वचेखालचा अगदी किंचित द्राव घेऊन औषधाची पातळी मोजतात. पातळी नीट असली की पट्टी हिरवी, उतरायला लागली की पिवळी, संपली की राखाडी. साडेनऊला कामावर चढताना पट्टी हिरवी नसेल तर त्या दिवशी उड्डाण नाही, खाली बांधणी विभागात जाऊन खोकी तपासायची. मला हा नियम मान्य आहे. पूर्वी अंदाजावर चालायचं आणि अंदाज चुकला की माणूस जायचा. पट्टी गोळीची आठवणही करून देते, सकाळी मनगटाला गुदगुल्या करून. पण रोज होणाऱ्या गुदगुल्या महिन्याभरात जाणवेनाशा होतात, हे ती बनवणाऱ्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. मनगट सगळ्यांना दिसतं.

माझा नवरा विश्वजित आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवतो. माणूस सज्जन आहे. पण मला न विचारता त्यानं आमचा रविवार मित्रांना देऊन टाकला आणि मी त्यावर बोलायला लागले, की त्याची नजर आधी माझ्या मनगटावर जायची. पट्टी पिवळी आहे, आपण सकाळी बोलू, असं तो अगदी समजुतीनं म्हणायचा. संध्याकाळी साडेसातला माझी पट्टी पिवळी असतेच आणि नवराबायकोची भांडणंही त्याच वेळी होतात. म्हणजे हिरवं भांडण माझ्या वाट्याला कधी येणारच नव्हतं.

पत्र वाचल्यावर मी त्याला म्हटलं की हे निदान साफ चुकीचं आहे. माझ्या पाळीच्या तारखा मला ठाऊक आहेत आणि त्या पाच दिवसांतला एकही त्यांच्याशी जुळत नाही. त्यानं मनगटाकडे पाहिलं.

"तारखा नेहमी लक्षात राहतात का तुझ्या?" त्यानं विचारलं.

तो हे वाईट हेतूनं बोलला नाही, हेच मला जास्त लागलं. सोमवारी संध्याकाळी पुण्याच्या वैद्यकीय समितीचे डॉ. पराडकर पडद्यावर भेटले. त्यांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की सध्या आपली पट्टी पिवळी दिसतेय, तेव्हा सविस्तर सुनावणीतच बोलू. मी पडदा बंद केला आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. खरं बोलायलाही आता वेळ बघावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं नसीम मुल्लाला सांगितलं. नसीम माझ्या शेजारच्या टेबलावर असते, तिलाही पट्टी आहे. आठ वर्षं आम्ही डबा वाटून खातो. ती शांतपणे भाकरी मोडत होती.

"तुझी पट्टी राखाडी असते ना, त्या दिवशी मला एकटीलाच जेवावं लागतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी खाली बांधणी विभागात असते म्हणून. ती म्हणाली, त्यामुळे नाही. खाली असलीस म्हणून काय झालं, डबा घेऊन वर आली असतीस. त्या दिवशी तू डबाच आणत नाहीस, उपास असतो तुझा.

माझा घास हातातच राहिला. मग तिनं सांगितलं की रमजान लागायच्या आधी ती दरवर्षी डॉक्टरकडे जाऊन वेळ बांधून घेते. गोळी सहरीला, म्हणजे पहाटेच्या खाण्याबरोबर. आधीच ठरवलं नाही तर पहिल्याच रोज्याला सगळा घोळ होतो, हे तिला अनुभवानं कळलं होतं. तुम्हा लोकांचा उपास एका दिवसाचा, म्हणून कोणी ठरवत बसत नसेल, असं ती म्हणाली.

माझा उपास संकष्टी चतुर्थीचा. पाच महिन्यांपूर्वी विश्वजितच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा माईंनी आणि मी मिळून धरलेला. माई म्हणजे माझ्या सासूबाई. तीस वर्षं त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची खानावळ सांभाळली आहे. कोण काय टाकतं आणि कोण काय लपवून खातं, हे त्यांना ताट बघून कळतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या गोळ्यांची ओढाताण त्यांच्या लक्षात आली. डबी हरवायची, डबी सापडली तर घेतली की नाही ते आठवायचं नाही. माई एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांनी रोज सकाळी माझ्या न्याहारीच्या ताटात वरच्या बाजूला, मीठ वाढतात तिथे, गोळी वाढायला सुरुवात केली. ताटातलं काही टाकायचं नाही, हे माझ्या आईनं लहानपणीच अंगात मुरवलं होतं. नऊ वर्षं गोळी चुकली नाही ती त्यामुळे.

संध्याकाळी घरी जाऊन मी माईंना विचारलं, चतुर्थीला सकाळी माझी गोळी कुठे असते.

"आगं, चतुर्थीला ताटच न्हाई मांडत आपण," माई म्हणाल्या. "मग गोळी कुठं वाढणार?"

आणि बोलता बोलताच त्या खाली बसल्या. त्यांच्याही ध्यानात आलं. विश्वजित सातलाच घर सोडतो आणि कँटीनमध्ये खातो, त्यामुळे उपासाच्या सकाळी आमच्या घरात एकही ताट मांडलं जात नाही. ताट नाही म्हणून गोळी नाही, आणि गोळी नाही म्हणून मला गोळीची आठवणही नाही. चतुर्थी चांद्र महिन्यात एकदा येते, दर एकोणतीस ते तीस दिवसांनी. यंत्रानं बाईचं वय बघितलं, दिवस मोजले आणि तिसरा विचार केलाच नाही.

म्हणजे माझ्यामुळंच झालं हे, असं माई पुटपुटल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं की नऊ वर्षं मी त्या टेबलावर बसले तीही तुमच्यामुळेच, तो हिशेब आधी धरा. मला त्यांचा राग येणं शक्यच नव्हतं. राग मला त्या पत्राचा आला होता आणि आता त्याला धरायला दांडा सापडला होता.

पण आता मी पुराव्याशिवाय बोलणार नव्हते. माझं एकटीचं सांगणं म्हणजे पिवळ्या पट्टीचं सांगणं. आणि पुढच्या चतुर्थीला मी हिरवी राहिले तरी समिती म्हणणार की एक महिना नीट गेला म्हणून चक्र संपत नाही. मग मला वाटलं, मीच एकटी कशी असेन? कामावर चढताना सातही केंद्रांत राखाडी निघालेल्या पट्ट्यांचा रोजचा आकडा, स्त्रिया वेगळ्या आणि पुरुष वेगळे, औषधवाहिनीच्या संकेतस्थळावर असतो. तो कोणी बघत नाही, एवढंच.

रविवारी दुपारी मी भिंतीवरची दोन वर्षांची कॅलेंडरं काढून स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरली. माई जुनी कॅलेंडरं टाकत नाहीत, त्यांची कपाटात अंथरायची सवय इथे उपयोगी पडली. विश्वजित एकेका तारखेचा आकडा वाचायचा आणि मी तो कॅलेंडरवर लिहायचे. साध्या दिवशी सातही केंद्रांत मिळून दोन किंवा तीन. गणपतीचं चित्र छापलेल्या प्रत्येक चौकोनात नऊ, दहा, अकरा. एकादशीला थोडी चढण. आणि गेल्या वर्षीची अंगारकी, म्हणजे मंगळवारी आलेली चतुर्थी, जी एरवी उपास न करणारेही धरतात, त्या दिवशी एकवीस. त्यातले निम्म्याहून जास्त पुरुष.

पुरुषांच्या नोंदीपुढे प्रणालीनं सगळीकडे एकच शब्द लिहिला होता, 'तुरळक'. पुरुषात मासिक काही असू शकेल, हे तिला शिकवलंच नव्हतं. त्यामुळे त्यांचे दिवस एकमेकांशी जुळवून बघायचं तिच्या मनातच आलं नाही.

शेवटचं कॅलेंडर संपेपर्यंत संध्याकाळ झाली. विश्वजित सहज माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "तुझी पट्टी..." आणि थांबला. पट्टी राखाडी झाली होती. त्याच हातानं मी चोविसावी चतुर्थी लाल पेन्सिलीनं गोल केली होती. फरशीवरची कॅलेंडरं त्यानं एकेक करून नीट जुळवून ठेवली.

झालेल्या गोष्टीचा अर्थ कोणीही लावतं. न झालेली गोष्ट आधी सांगितली तरच शास्त्र. पुढची चतुर्थी सुनावणीच्या आदल्या दिवशी येत होती, मंगळवारी, म्हणजे अंगारकीच. गुरुवारी मी एका कागदावर लिहिलं: 'येत्या मंगळवारी सातही केंद्रांत राखाडी पट्ट्या वाढतील. एकूण आकडा वीसच्या वर जाईल. त्यात निम्म्याहून अधिक पुरुष असतील. कराडमध्ये किमान चार असतील. मी त्यांत नसेन.' कागद पाकिटात घातला, चिकटवला आणि आमचे केंद्रप्रमुख शिरोळकर साहेब यांच्यापुढे ठेवला. पाकिटाच्या तोंडावर सही करून ते समितीसमोर उघडावं, अशी विनंती केली. साहेब नियमानं चालणारे आहेत. आत काय आहे ते न विचारता त्यांनी सही ठोकली आणि पाकीट कपाटात ठेवलं.

शुक्रवार, शनिवार, रविवार मी मजेत होते. सोमवारी दुपारी फळ्यावर मंगळवारच्या पाळीची यादी लागली आणि माझी मजा संपली.

दिगंबर लोहार माझ्या शेजारी उभा राहून यादी वाचत होता. अंगारकी आहे, पहाटे देवळात रांग लावून तसाच कामावर येणार, असं तो उत्साहानं सांगत होता. दिगंबरलाही पट्टी आहे. त्याची बायको गोळी त्याच्या चहाच्या बशीत ठेवते, हे मला माहीत होतं. उद्या पहाटे ना चहा, ना बशी. माझ्या पाकिटातल्या किमान चारांपैकी एक दिगंबर होता. मी त्याच्या चुकण्यावर पैज लावून बसले होते.

सकाळच्या पाळीला आमच्याकडे पट्टीवाले सात. त्यातले चार खाली गेले तर सोळा पाखरं जमिनीवर. उद्या कुणाला साप चावणारच नाही, असं काही त्या पाकिटात लिहिलेलं नव्हतं.

नसीमला मी बाजूला घेतलं. तिनं ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, "तू त्यांना सांगितलंस तर तुझं पाकीट खोटं ठरेल, हेमा. परवा तुला तळघरात बसवतील."

मला तळघराची खरोखर भीती वाटत होती. पाच मिनिटं मी जिन्यात उभी राहिले आणि स्वतःला बरीच कारणं दिली. एक दिवसाचा प्रश्न आहे, इतर नियंत्रक आहेत, नंतर सगळ्यांचाच फायदा होईल. सगळी कारणं पटण्यासारखी होती. त्यातलं एकही दिगंबरच्या तोंडावर बोलता आलं नसतं. म्हणून मी वर गेले आणि बाकीच्या दहाही पट्टीवाल्यांना गाठून सांगितलं: उद्या उपास करा, पण गोळी आज रात्रीच काढून उद्याच्या कपड्यांच्या खिशात ठेवा. अनशापोटी चालते का, हे ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरला आजच फोन करून विचारा. दोघांनी माझ्यासमोरच फोन लावले.

मग शिरोळकर साहेबांकडे जाऊन बाकीच्या सहा केंद्रांना कळवा म्हटलं. धार्मिक बाबीवर परिपत्रक निघत नाही, असं ते म्हणाले. तरी त्यांनी दोन केंद्रप्रमुखांना फोन केला आणि दोघंही हसले. नियंत्रकांच्या राज्यभराच्या गटावर मी स्वतः संदेश टाकला. 'धार्मिक मजकुरास मनाई' असं म्हणून गटप्रमुखानं तो दहा मिनिटांत काढून टाकला. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं होतं आणि माझा पुरावा मीच बुडवला होता.

मंगळवारी सकाळी साडेनऊला कराड केंद्रात अकरा पट्ट्या होत्या, दुपारच्या पाळीचे चौघंही वेळेआधी येऊन बसले होते. अकराच्या अकरा हिरव्या. दिगंबर कपाळावर शेंदूर घेऊन आला आणि त्यानं मला लांबूनच मनगट दाखवलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी चिपळूण केंद्राचा फोन आला. त्यांचे पाच नियंत्रक खाली गेले होते, टेबलं रिकामी होती आणि कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरच्या एका धनगरवाड्यात गवत कापणाऱ्या बाईला फुरसं चावलं होतं. रस्त्यानं दवाखाना दीड तास. हद्द त्यांची होती, पण कराडहून कोणी घेईल का, असं ते विचारत होते.

मी घेतलं. बांधणी विभागानं दोन मिनिटांत खोकं भरलं. पाखरू पाटणपर्यंत सरळ गेलं. घाटमाथ्याजवळ कोकणातून वर चढणारा वारा कड्याला आपटून उलटा फिरतो, तिथे ते डगमगायला लागलं. नसीमचं तेव्हा एकच पाखरू हवेत होतं; माझी बाकीची तीन मी तिच्याकडे सरकवली आणि तिनं लगेच घेतली. कड्यापासून दूर, वळसा घालून, झाडांच्या आडोशानं मी पाखरू खाली आणलं. एकोणिसाव्या मिनिटाला ते वाड्यासमोरच्या खळ्यात उतरलं. तिथल्या आरोग्यसेविकेनं खोकं उचललेलं मी पडद्यावर पाहिलं तेव्हा मला भयंकर आनंद झाला. दुपारी कळलं, बाई शुद्धीवर आहे आणि माझ्या म्हशींना पाणी दाखवा म्हणतेय.

त्या दिवशी इतर केंद्रांची अकरा उड्डाणं कराडनं केली. अकराही पोचली.

बुधवारची सुनावणी सकाळी आठला ठेवली होती. गोळी मी साडेसातला घेतली होती, ती चढायला तास लागतो, तेव्हा पट्टी अर्थातच राखाडी होती. डॉ. पराडकरांच्या ते लगेच लक्षात आलं. पट्टी हिरवी होईपर्यंत थांबायचं का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. मी हात टेबलावर सरळ ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"थांबू नका," मी म्हटलं. "मी राखाडी आहे, पण आकडे तुमचेच आहेत."

शिरोळकर साहेबांनी सही दाखवून पाकीट फोडलं आणि कागद वाचला. समितीच्या एका बाईंनी मंगळवारचे आकडे काढले. सातही केंद्रांत मिळून राखाडी पट्ट्या तेवीस. त्यातले पुरुष चौदा. मग डॉ. पराडकर चष्मा वर करून म्हणाले की कराडमध्ये किमान चार असं आपण लिहिलंय आणि कराडचा आकडा शून्य आहे. म्हणजे भाकीत सातांपैकी एका केंद्रात चुकलं.

"चुकलं नाही, साहेब. मी चुकवलं," मी म्हटलं. "सोमवारी मी इथल्या दहा जणांना सांगितलं. बाकीच्या सहा केंद्रांना सांगू दिलं नाही. जिथे सांगितलं तिथे शून्य, जिथे सांगितलं नाही तिथे तेवीस. आजार असता तर सांगून गेला असता का?"

त्यांनी केंद्रवार आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मनगटाकडे त्यांनी नंतर एकदाही पाहिलं नाही. शेवटी ते म्हणाले की असा प्रयोग त्यांनी मुद्दाम आखला असता तरी इतका स्वच्छ उतरला नसता. शिरोळकर साहेबांनी कालची अकरा उड्डाणं कोणी न विचारताच वाचून दाखवली. वाचताना त्यांचा आवाज जरा चढलेला होता.

मासिक अवधानदोलन हे निदान माझ्या आणि आणखी सव्वीस बायकांच्या नोंदीतून खोडलं गेलं. त्यातल्या चार तळघरांतून पुन्हा वर आल्या. प्रणालीत सगळ्या धर्मांचे उपास घातले गेले आणि उपासाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारणा जाऊ लागली की उद्या गोळी कधी आणि कशाबरोबर, ते ठरलं का. मजकूर नसीमनं लिहून दिला. पहिल्याच एकादशीला सातही केंद्रांत मिळून राखाडी पट्टी एक, आणि तीही दाढ काढल्यामुळे गोळी राहून गेलेल्या माणसाची.

घरी पुढच्या चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी विश्वजितनं परत एकदा आमचा रविवार परस्पर देऊन टाकला. मी चिडले. पट्टी राखाडी होती. सवयीनं त्याची नजर खाली जायला निघाली, अर्ध्या वाटेतून परत फिरली आणि माझ्या तोंडावर येऊन थांबली. बरोबर आहे तुझं, मी विचारायला हवं होतं, असं तो म्हणाला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा राखाडी भांडण जिंकले होते. मी इतकी खूश झाले की रविवार त्याच्या मित्रांना देऊन टाकला.

सकाळी मी अंघोळ करून स्वयंपाकघरात आले. उपासाचा दिवस, ओटा थंडच होता. पण माईंनी जमिनीवर पाट मांडला होता, पाटापुढे लख्ख घासलेलं ताट आणि शेजारी पेलाभर दूध. ताट रिकामं होतं. फक्त वरच्या बाजूला, मिठाच्या जागी, माझी गोळी.

मी माईंकडे पाहिलं. त्या देवापुढची वात सारखी करत होत्या, वळल्याही नाहीत.

"उपास तुझा हाय," त्या म्हणाल्या. "तिचा न्हाई."